दहा पौंड, अडीचशे रुपये आणि दिवाळीची पोस्त

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. हे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंना राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे दर महिन्याला मिळतात. ऑगस्टमध्ये राखीचे म्हणून 250 रुपये जास्तीचे आले, तेव्हा बाईंनी आल्या आल्या मोबाइल काढून मला मेसेज दाखवला. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता 'ऊंट के मुंह में जीरा' म्हटलं. दिवाळीत तर कहर केला. 'पुढच्या महिन्यापासून सरकार पंधराशे देणार आहे, मग आपण पोस्त कशाला द्यायची?' म्हणाले, आणि मीही मुकाट्याने निम्मीच पोस्त दिली. ते मनाला लागून राहिलंय. माझी थोरली बहीण, अक्का, गेली पन्नास वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहे. भावोजी गेल्यापासून एकटीच असते. तिला डिसेंबरात सरकारकडून नाताळचे म्हणून दहा पौंड येतात. 'ही भीक आहे, परत करते' म्हणून फोनवर तणतणत होती. सगळं आवरून इंदूरला यायचंही तिच्या मनात आहे. इकडे अडीचशेत हरखलेली बाई आणि तिकडे दहा पौंडांनी चिडलेली अक्का. असले चिमूटभर पैसे वाटण्यात सरकारांना काय मिळतं? घेणाऱ्याचं तरी काही भलं होतं का? अक्काला काय सांगू, आणि ह्यांना?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नमस्कार.

आधी पोस्तीचं बोलू, कारण तेवढंच पूर्णपणे तुमच्या हातात आहे. राहिलेली निम्मी देऊन टाका. दिवाळी होऊन गेली म्हणून संकोचू नका. 'तेव्हा द्यायची राहिली होती' एवढं म्हणालात तरी पुरे. पोस्त ही वर्षभर तुमच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटल्याची असते आणि ती तुमच्या घराने द्यायची असते. भोपाळहून येणारे पैसे बाईंच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे म्हणून येतात. उद्या त्यांनी तुमचं काम सोडलं तरी ते येतच राहतील. आता सरकारने वाढवले म्हणून तुम्ही कमी केले, तर बाईंच्या पदरात काय पडलं? सरकारने त्यांना दिले आणि तुमच्या यजमानांनी ते परस्पर वळते करून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

यजमानांना हे पटवायला फार लांब जायला नको. ते गट क किंवा अराजपत्रित गट ब मध्ये असतील, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास ॲड-हॉक बोनस त्यांनीही घेतला असणार. पगार कितीही असो, हिशेबाला महिन्याचे 7000 रुपयेच धरायचे, तीस दिवसांचा बोनस काढायचा आणि हातात 6908. पन्नास-साठ हजार पगार घेणाऱ्या माणसाचं 6908 वाचून काय अडतं? पण बोनसचा आदेश निघाला का, याची कुजबुज ऑफिसात नवरात्राच्या आधीपासून कशी सुरू होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आदेशाला उशीर झाला की संघटना पत्र लिहिते. तिथे कुणी उंट आणि जिरं काढत नाही, रेवडीही म्हणत नाही. आणि प्रमाणच बघायचं, तर 6908 हा त्या पगाराचा सातवा-आठवा भाग झाला. बाईंचे 250 हा त्यांच्या तेव्हाच्या 1250 चा पाचवा भाग होता.

तरी यजमानांचं सगळंच म्हणणं उडवून लावता येत नाही. योजना सुरू झाली मार्च 2023 मध्ये, पहिला हप्ता जमा झाला 10 जूनला आणि विधानसभेचं मतदान झालं 17 नोव्हेंबरला. मधे राखीच्या तोंडावर तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी 250 रुपये जाहीर केले आणि ऑक्टोबरपासून हजाराचे 1250 झाले. यात मतांचा हिशेब नव्हता असं कोण म्हणेल? रकमेचंही तेच. एकेकीला 250 म्हणजे किरकोळ वाटतं, पण लाभार्थी सव्वा कोटीच्या घरात आहेत. एका राखीचे तीनशे कोटींच्या वर होतात. कर्ज काढून चालणाऱ्या राज्याला ते जड जातात. एवढं त्यांचं मान्य करा, म्हणजे पुढचं ऐकून घेतील.

पुढचं असं, की हे पैसे बाईंच्या हातात जाऊन काय करतात ते आपल्या हॉलमधल्या सोफ्यावरून दिसत नाही. महिन्याच्या हप्त्याला आधीच वाटा फुटलेल्या असतात. खोलीभाडं, किराणावाल्याची वही, मुलाची फी. खात्यात आला तसा गेला. राखीचा खर्च मात्र त्या वहीत कुठेच मांडलेला नसतो. राख्या, नारळ, पाव किलो मिठाई, भाच्याच्या हातावर काहीतरी, आणि भाऊ बडवाहला किंवा देवासला असला तर जाण्यायेण्याचं बसभाडं. त्यात त्या दिवशी माहेरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. 2025 मध्ये राखी 9 ऑगस्टला होती आणि 1250 अधिक 250 असे पैसे 7 तारखेला खात्यात पडले. एरवीच्या तारखेची वाट बघत बसले असते तर राखी होऊन गेली असती. तेच 250 पंधरा दिवसांनी आले असते तर सरळ किराणावाल्याकडे गेले असते, आणि तुमच्या बाईंनी मेसेज दाखवायला मोबाइल बाहेर काढलाही नसता.

पैशाला नाव लावून दिलं की तो त्या कामासाठी बाजूला राहतो, हे नुसतं माझं मत नाही. अक्कांच्याच देशात त्याचा हिशेब मांडला गेला आहे. तिथे 1997 पासून म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात 'विंटर फ्युएल पेमेंट' नावाची रक्कम मिळते. रोख पैसे, कशावरही खर्च करा, कुणी विचारायला येत नाही. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अर्थतज्ज्ञांनी लोकांच्या घरखर्चाच्या नोंदी तपासल्या. नुसतंच उत्पन्न तेवढं वाढलं असतं, तर त्यातले शंभराला तीनेक पौंड गॅस-विजेवर गेले असते. पण ही रक्कम हिवाळ्याच्या नावाने आली म्हणून शंभराला चाळीसहून जास्त गेले. तुमच्या बाईंनी तो अभ्यास वाचलेला नाही, पण राखीचे पैसे राखीलाच ठेवायचे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र या हिशेबात सगळे विसरतात. पैसे घ्यायचा खर्च. आधार खात्याला जोडलेलं हवं, समग्र आयडीची, म्हणजे राज्य सरकारने दिलेल्या ओळख क्रमांकाची, ई-केवायसी हवी. एकदा का नोंदीत गडबड झाली की कियोस्कवर खेपा सुरू. भांडी-धुणी करून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, अंगठा लवकर उमटत नाही. मशीन लाल दिवा दाखवतं, दुकानदार म्हणतो 'दीदी, तेल पोंछ के लगाओ', मागची रांग चुळबुळ करते. तेवढ्यात दोन घरची कामं बुडतात. काही ठिकाणी पैसे काढून देणारा वर दहा-वीस रुपये कापून घेतो. अडीचशेतून हे वजा करा आणि मग सांगा किती उरले. म्हणून रक्कम लहान असेल तर ती न मागता, आपोआप, आहे त्याच खात्यात यायला हवी. राखीचे 250 तसे आले, म्हणून मी त्यांच्या बाजूने बोलते. वेगळा फॉर्म भरा म्हटलं असतं, तर मी यजमानांच्या बाजूला जाऊन बसले असते.

आता अक्कांचे दहा पौंड. त्या चिडतात ते बरोबरच आहे, फक्त चिडायचं कारण थोडं वेगळं आहे.

हा ख्रिसमस बोनस 1972 मध्ये एडवर्ड हीथ यांच्या सरकारने सुरू केला. महागाई भडकलेली होती, म्हाताऱ्यांची पेन्शन पुरत नव्हती. तेव्हा एकट्या माणसाची सरकारी पेन्शन आठवड्याला 6.75 पौंड होती. म्हणजे दहा पौंड ही जवळजवळ दीड आठवड्याची पेन्शन झाली. डिसेंबरच्या थंडीत दीड आठवड्याची जास्तीची पेन्शन हातात पडणं काय असतं, याचा विचार करा. त्या वेळी त्याला भीक म्हणायची कुणाची छाती झाली नसती. 1975 आणि 1976 मध्ये तो दिलाच गेला नाही, 1979 मध्ये कायद्याने कायमचा केला. फक्त मंदीच्या काळात, 2009 च्या सुरुवातीला, एकदाच वर 60 पौंड जास्तीचे दिले. बाकी दहाचे दहा. 2025-26 मध्ये अक्कांच्या वयाच्या माणसाची पूर्ण मूळ पेन्शन आठवड्याला 176.45 पौंड होती. सुरुवातीचं प्रमाण राखायचं म्हटलं तर बोनस 260 पौंडांच्या आसपास हवा होता. तो आपल्याकडच्या अकरा-बाराशे रुपयांवर अडकून बसला आहे. पन्नास वर्षांत पंतप्रधान किती बदलले, पण या आकड्याला कुणी हात लावला नाही. वाढवला तर तिजोरीला जड, आणि बंद केला तर नाताळच्या तोंडावर म्हाताऱ्यांचे दहा पौंड काढून घेतले म्हणून पेपरात बातमी येणार. बंद करायला किती अवघड असतं हे विंटर फ्युएलने दाखवलंच. 2024 मध्ये तिथल्या सरकारने ती रक्कम बहुतेक पेन्शनरांची काढली, एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी निर्णय फिरवून 35 हजार पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना ती पुन्हा द्यावी लागली.

असल्या रकमा लहान असतात याचं मला फारसं वाईट वाटत नाही. त्या एकदा ठरवल्या की कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही, हे वाईट. 1972 चे दहा पौंड चांगलेच होते. आजचे दहा पौंड हा न वाचता दरवर्षी पुढे ढकललेला कागद आहे. अक्कांचा अपमान दहाच्या आकड्याने होत नाही, त्या कागदाने होतो.

आणि इंग्रजांना हसायच्या आधी आपल्या घरात बघा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या गरीब माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. 2007 मध्येही 200 च होता. मध्य प्रदेशात राज्याची भर पडून सामाजिक सुरक्षा पेन्शन 600 रुपये मिळते. म्हणजे बाईंच्या घरात साठी उलटलेली विधवा सासू असेल, तर सुनेला महिन्याला पंधराशे आणि सासूला सहाशे, आणि राखीचं वेगळं काही सासूला नाही. तिला भाऊ नाही का? लाडली बहनाचं दार साठीला बंद होतं आणि दुसऱ्या बाजूने 2023 च्या ऑगस्टनंतर नवीन नोंदणीही झालेली नाही. त्यानंतर लग्न होऊन आलेली, तितकीच गरीब शेजारीण बाहेरच आहे. तुमच्या यजमानांना भांडायचंच असेल तर यावर भांडावं, मी त्यांच्याबरोबर येते.

तुम्ही विचाराल, मग सणाला वेगळे पैसे द्यावेत की महिन्याचेच वाढवावेत? मला महिन्याचे वाढवलेले जास्त पसंत. वर्षातून एकदा 250 आणि दरमहा 250 यात अडीचशे आणि तीन हजार एवढा फरक आहे. मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2025 पासून 1250 चे 1500 झाले, ते म्हणूनच मला राखीच्या शगुनापेक्षा मोलाचं वाटतं. पण त्या 1500 कडेही पुढची दहा वर्षं कुणी बघितलं नाही, तर त्याचे दहा पौंड व्हायला वेळ लागणार नाही. वाढ महागाईशी बांधली पाहिजे, निवडणुकीशी नव्हे. सणाची जास्तीची रक्कम द्यायचीच तर ती महिन्याच्या हप्त्याचा ठरावीक हिस्सा असावी, म्हणजे हप्ता वाढला की ती आपोआप वाढेल. आकडा लिहून ठेवला की तो तिथेच कुजतो.

सणाला पैशांऐवजी वस्तू देण्याचे प्रयोगही झाले. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' रेशनवर आला. कल्पना छान होती, पण कित्येक ठिकाणी पिशवी दिवाळी उरकल्यावर पोचली. 2025 मध्ये तर तिजोरीवरच्या ताणामुळे सणांना शिधा मिळालाच नाही. तमिळनाडूत पोंगलला रेशनकार्डावर रोख मिळते. 2021 मध्ये 2500, 2023 मध्ये 1000, 2025 मध्ये काहीच नाही. ज्या घराला त्या पैशावर सणाचा बेत करायचा असतो, त्याने काय धरून चालायचं? यापेक्षा थोडे पण नक्की येणारे बरे. आधीच्या वर्षी मिळाले म्हणून उधारीवर साडी आणायची आणि यंदा नाहीत म्हणून कळायचं, यात फजिती घरच्या बाईचीच होते.

अक्कांना काय सांगायचं ते आता सोपं आहे. परत करण्याच्या भानगडीत पडू नका म्हणावं. ज्या खात्याने पन्नास वर्षं आकडा बदलला नाही, ते अक्कांच्या निषेधाची दखल घेतील असं मला वाटत नाही. एक फोन आणि दोन पत्रं वाया जातील. दहा पौंड नकोच असतील तर लेस्टरच्या एखाद्या फूड बँकेत द्यावेत. निषेध नोंदवायचाच असेल तर आपल्या खासदाराला पत्र लिहावं. तिकडे खासदार मतदाराच्या पत्राला उत्तर देतात आणि अक्कांना वेळही आहे.

दहा पौंडांवर संताप खर्च करताना मोठी गोष्ट निसटत नाही ना, एवढं मात्र त्यांना विचारा. हे दहा न मागता येतात. ज्याला खरोखर महत्त्व आहे ते मागावं लागतं. एकट्या पेन्शनरचं उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा (2025-26 मध्ये आठवड्याला 227.10 पौंड) कमी असेल, तर 'पेन्शन क्रेडिट' उरलेली भर घालतं. बचत 10 हजार पौंडांच्या आत असेल तर ती हिशेबात धरतच नाहीत. पंचाहत्तरी उलटली असेल तर त्यासोबत टीव्हीचं लायसन्सही फुकट मिळतं. लाखो पात्र म्हातारी माणसं अर्जच करत नाहीत, काही माहीत नसल्याने, काही 'आपल्याला कुणाचं नको' म्हणून. अक्का दुसऱ्या प्रकारातल्या वाटतात. भावोजी गेल्यावर त्यांचं उत्पन्न घटलं असणार, म्हणून हे तपासावंच. अर्ज फोनवरही करता येतो.

इंदूरला कायमचं यायचा बेत असेल तर त्याआधी हे नीट वाचून दाखवा. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहूनही मिळते, पण जितकी असेल तितक्यावर गोठते. तिकडे दर एप्रिलला होणारी वाढ इथे राहणाऱ्याला लागू होत नाही, कारण दोन्ही देशांत तसा करार नाही. समजा 176.45 वर आल्या, तर दहा वर्षांनीही 176.45. पेन्शन क्रेडिट तर देश सोडल्यावर बंदच होतं आणि तिथल्या मोफत दवाखान्याचा हक्कही कायमच्या वास्तव्याबरोबर जातो. रुपयांत बदलून घेतल्यावर सुरुवातीला रक्कम भरपूर वाटेल. पण औषधपाणी आणि दिवसभराची सोबतीण यांचे दर इंदूरलाही दरवर्षी वाढतात. येऊच नये असं मी म्हणत नाही. एकटीने लेस्टरला हिवाळे काढण्यापेक्षा बहिणीजवळ राहणं कदाचित जास्त मोलाचं असेल, ते त्यांनीच ठरवावं. पण तिकडचं घर विकण्याआधी एखाद्या हिवाळ्यात चार महिने इथे राहून बघावं आणि पेन्शनच्या कार्यालयाकडून आपल्या रकमेचं काय होईल ते लेखी मागवून घ्यावं.